भाकरीची पाळी

सारजा दुरडी घेऊन गेली तशीच परत आली. दुरडीवरचा धडपा बांधला होता तसाच होता. गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

गोजरबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. सून अंगणात शिरली तेव्हाच तिला कळलं. दुरडी रिकामी झाली की बाईची मान हलकी होते. सारजाची मान अजून ताठ होती.

"घेतली न्हाय?"

"न्हाय, आत्याबाई."

"काय म्हनाली?"

सारजाने दुरडी उतरवली, चुंबळ काढून हातात धरली. "प्रयागआत्या तापातनं उठून दारात आल्या. अंगावर गोधडी, दात वाजत व्हते. दुरडीकडं बघितलं आन् म्हनाल्या, माझ्या घरात कोन मेलं?"

गोजरबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"कुठल्या दारानं गेलीस?"

"मागल्या."

"आन् धडपा पांढरा."

"तुमीच बांधला, आत्याबाई."

खरं होतं. तिनेच बांधला होता. पहाटे उठून बाजरीच्या भाकरी थापल्या, शेपूची भाजी केली, वाटीत तूप घातलं, आणि हाताने आपल्या सवयीने खुंटीवरचा पांढरा धडपा ओढून गाठ मारली. सारजानेही काही न विचारता मागची वाट धरली. दोघींचा दोष नव्हता. त्यांच्या वस्त्यांवर शिजलेल्या भाकरीची दुरडी एकाच घरी जात असे, ज्या घरात मयत झाली त्या घरी. चूल पेटत नाही म्हणून भावकीने पिठलं-भाकरी करायची, पांढऱ्या धडप्यात बांधायची, मागच्या दाराने न बोलता ठेवायची आणि न बोलता परत यायचं. त्याला कडू भाकरी म्हणत. मूल जन्मलं तर जायचा तो कोरडा शिधा. बाजरी, खोबरं, गूळ, डिंक. शिजवायचं ते त्या घराने आपल्या चुलीवर.

आणि पाटापलीकडच्या वस्तीवर तेच तर होत नव्हतं.

पाटापलीकडे प्रयागबाईचं घर होतं. प्रयागबाई म्हणजे गोजरबाईची धाकटी जाऊ. तिचा मुलगा कुंडलिक, आणि त्याची बायको नकोशी सहा दिवसांपूर्वी बाळंत झालेली. नकोशीचं माहेर निरवांगीचं. चौथी मुलगी म्हणून बापाने तिचं नाव असलं ठेवलं होतं. तिची आई वारलेली, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच झालं. मुलगी झाली. आणि तिसऱ्या दिवशी प्रयागबाईला हिवताप भरला. पाट आल्यापासून त्यांच्या अंथुर्ण्यात दर दिवाळीला हिवताप यायचा, पाणी येतं तसा. घरात शिध्याच्या दुरड्या भिंतीला लागून उभ्या होत्या आणि शिजवायला हात नव्हता.

गोजरबाईने धडप्याची गाठ सोडली. भाकरी अजून कोमट होत्या.

"खाऊन घ्या," ती म्हणाली. "आन् हा धडपा पेटीत तळाला टाक."

आबासाहेब, तिचे मालक, गोठ्यातून आले. दुरडी पाहून त्यांना सगळं समजलं. "परत आली ना? बरं झालं. तोंडावर मारून घेतलं न्हाय का आपनच."

"चूक माझी झाली. मागल्या दारानं गेली."

"म्होरल्या दारानं गेली असती तरी आली असती. तिनं शपथ घातलीया, या घरची भाकरी खानार न्हाय म्हून. पाच वर्सं झाली."

"शपथ कशापायी घातली ते बी सांगा की."

आबासाहेबांनी पटका झटकला आणि खुंटीला अडकवला. सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. पाटाच्या एका चारीवर दोन भावांची शेती. बुधवारची पाळी म्हस्कूची, धाकट्या भावाची, म्हणजे प्रयागबाईच्या मालकाची. आबासाहेबांचा ऊस वाळत होता म्हणून त्यांनी एका बुधवारी चारीचं दार आपल्याकडे फिरवलं. भावाभावांची जुंपली. पंधरा दिवसांत म्हस्कू तापाने गेला, आणि आबासाहेबांनी घरात सांगितलं, हितनं तिकडं काय जायाचं न्हाय. भावकीच्या पहिल्या घरातून पहिली कडू भाकरी जायची, ती गेली नाही. शेजाऱ्यांच्या गेल्या. प्रयागबाई त्या दिवशी मागल्या दाराकडे तोंड करून संध्याकाळपर्यंत बसली होती, असं लोक सांगत. बुधवारची पाळी तेव्हापासून आबासाहेबांच्याच रानात फिरत होती. कुंडलिक तेव्हा पोरसवदा, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यापुढे बोलला नाही. पुढे त्याचं लग्न झालं तेव्हा या घराला अक्षत आली नाही.

दुसऱ्या दिवशी पाटावर धुण्याला बायका जमल्या. साखरबाई सुईण तिथे पाय धूत होती. रोज सकाळी ती वस्तीवर जाऊन बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालून येई.

"कशी हाय गं नकोशी?" द्वारकाबाईने विचारलं. द्वारकाबाई गोजरबाईची शेजारीण, तोंडाने फटकळ.

"कशी असनार. पोटात अन्न न्हाय तर दूध कुठनं उतरनार? दोन दीस पोरीला गुळाचं पानी चोखवतीया. पोरगी रडती, पन आता आवाज बारीक झालाय."

बायकांचे हात थांबले.

"कुंडलिक करतोय की भाकरी," कुणी तरी म्हणालं.

"करतोय. काल बघितली मी. बाजरी हाय का शेनी हाय, उचलल्याबिगर कळत न्हाय. एका अंगाला जळल्याली आन् एका अंगाला पीठ. ती पोर बिचारी म्हनती, चांगली झालीया, आन् कडंला सारून ठेवती."

"तू का करत न्हाईस?"

"मला काळ्याच्या वस्तीवर दुसरी अडलीया. इथनं उठून तिथं पळायचं."

"मी गेले असते," द्वारकाबाई म्हणाली, "पन माझ्याच घरात दोघं गोधडीत हायत. अर्धा दीस दुसऱ्याच्या चुलीपाशी बसायला सवड कुनाला हाय? माझ्या तव्यावर चार भाकरी जास्तीच्या पडायला काय जात न्हाय, पन शिजल्याली दुरडी न्यायची कशी? पहिल्यांदा पोरगी झाली घरात, आन् आपन कडू भाकरी न्यायची?"

गोजरबाई लुगडं पिळत होती. ती पिळायची थांबली.

"आपली चारी कशी चालती?" तिने विचारलं.

"कशी म्हंजी?"

"सोमवारी तुझं रान, मंगळवारी हिचं. रोज कुनाला तरी पानी, आन् कुनाच्याच जिवावर येत न्हाय. तशी भाकरीची पाळी लावली तर? सात घरं, सात दीस. ज्याची पाळी त्यानं चार भाकरी जास्तीच्या थापायच्या."

द्वारकाबाईने तिच्याकडे पाहिलं आणि गालातल्या गालात हसली. "बाळंतिणीच्या घरात आत्ताच पाळी सुरू करतीस व्हय गं? अजून सव्वा म्हयना बी झाला न्हाय."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. साखरबाईचा पाय दगडावरून सटकला. गोजरबाईलाही हसू आवरेना. पाच वर्षांत पाटावर ती अशी हसली नव्हती.

"पन नेनार कशी?" हसणं ओसरल्यावर द्वारकाबाईने पुन्हा विचारलं. "पहिली दुरडी कोन नेनार? तुजीच परत आलीया."

"कडू भाकरी मागल्या दारानं जाती," गोजरबाई म्हणाली. "ही म्होरल्या दारानं जाईल. ती झाकून जाती, ही उघडी जाईल. ती न बोलता जाती." ती जरा थांबली. "तुज्या मालकाचा ढोल उतरवायला सांग."

द्वारकाबाईचा नवरा जयवंता जत्रेत गजीचा ढोल वाजवायचा. एका मैलावरून ओळखू यायचा त्याचा हात.

ही बातमी गोजरबाई घरी पोचायच्या आत आबासाहेबांपर्यंत पोचली होती. ते ओसरीवर तिची वाटच पाहत होते.

"ढोल लावून भाकरी न्यायची? गाव हसंल."

"पाच वर्सं हसतंयच की. निस्तं तुमच्या तोंडावर हसत न्हवतं."

"पोरगी झालीया तिला. पोराला सुदिक कुनी ढोल लावत न्हाय."

"मग पोरीला लावू."

"माझ्या घरातनं दुरडी जानार न्हाय, सांगून ठेवतो."

गोजरबाई दारात थांबली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. या माणसाला तिने कधी उलट बोलून दाखवलं नव्हतं. म्हस्कू गेला त्या एका दिवशी बोलायला हवं होतं, ते राहून गेलं होतं.

"घर तुमचं हाय," ती म्हणाली. "चूल माझी हाय."

आणि आत जाऊन तिने पीठ चाळायला घेतलं.

सकाळी ऊन वर आल्यावर ती निघाली. नवी कोरी दुरडी, वर काही झाकलेलं नाही. भाकरीची चवड, शेपूची भाजी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, आणि मधोमध तुपाची वाटी. दुरडीच्या कडेला तिने आपल्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून गुंडाळला होता. मागे सारजा, द्वारकाबाई, आणखी चार-पाच बायका. पुढे जयवंता. पाटाच्या पुलावर आल्यावर त्याने टिपरू उचललं आणि ढोल घुमला.

रानारानातून माणसं उभी राहिली. एक म्हातारा बांधावरून ओरडला, "काय गं गोजरबाई, जत्रा कुठं हाय?"

"प्रयागच्या घरी."

"नातू झाला का?"

"नात झाली."

म्हाताऱ्याने कानामागे हात धरला. आपण नीट ऐकलं नाही असं त्याला वाटलं असावं.

"नात," गोजरबाई पुन्हा म्हणाली. "वाजव रं जयवंता. त्येला ऐकू जाईना."

वस्ती जवळ आली तशी तिने दुरडीची कड घट्ट धरली. दुरडी परत आली तर आज सगळ्या शिवारादेखत परत येणार होती. आणि मग उद्या द्वारकाबाईची गेली नसती, परवा दुसरीची गेली नसती, आणि घरात ते पोर गुळाच्या पाण्यावर राहिलं असतं. तिने पाऊल मात्र आखडलं नाही.

कुंडलिक अंगणात उभा होता. दोन्ही हात पिठाने पांढरे, कपाळाला राखेचा पट्टा. ढोलाकडे तो वेड्यासारखा बघत राहिला.

"थोरली आई," एवढंच तो म्हणाला.

प्रयागबाई पुढच्या दारात आली. गोधडी लपेटलेली, डोळे खोल गेलेले. तिने चौकटीला हात लावला, आधाराला की अडवायला, ते कळलं नाही. जयवंताने ढोल थांबवला.

"पुन्ना आनलीस?" प्रयागबाई म्हणाली.

"आनली."

"परवा सांगून धाडलं व्हतं."

"परवा चुकलं माझं. हाताला सवय पडल्याली, धडपा बांधला. आज बघ, उघडी हाय."

"तवा यायची व्हती ती आली न्हाय. आता नको हाय तर दोन दोन येत्यात."

गोजरबाईने डोक्यावरची दुरडी उतरवली नाही. मान अवघडली होती, पण उतरवली की ती परत उचलून न्यावी लागेल असं तिला वाटलं.

"तवाची बी केली व्हती मी," ती म्हणाली. "पिठलं केलं, चार भाकरी केल्या, धडपा बांधला. कुनी अडवलं ते सांगत न्हाय. पाय माझे व्हते, ते उचलले न्हाईत. ती भाकरी कुठं गेली, इचार."

प्रयागबाईने गोधडी आवळली.

"टाकायला हात हुईना. गोठ्यात बसून चारी भाकरी मी एकटीनं खाल्ल्या. तुज्या घरचा कडू घास माझ्या पोटात हाय, प्रयाग. पाच वर्सं झाली, उतरत न्हाय."

प्रयागबाईने विचारलं, "पिठल्यात मीठ घातलं व्हतंस?"

"घातलं व्हतं."

"कडू भाकरीच्या पिठल्यात मीठ बेताचं घालत्यात."

"ठाव हाय. तुला अळनी जात न्हाय म्हून घातलं."

प्रयागबाईचा चौकटीवरचा हात खाली आला. तिने तोंड दुसरीकडे वळवलं, गोधडीच्या कोपऱ्याने नाक पुसलं, आणि आवाज पहिल्यासारखा करडा करून म्हणाली, "उतरव. मान मोडून घेशील, आन् पुन्ना तुला बी आमीच जेवू घालायचं."

दुरडी पुढच्या दारातून आत गेली. पण नकोशीच्या पुढे ठेवण्याआधी प्रयागबाईने हात आडवा घातला.

"बाळंतिनीच्या तोंडात काय जानार ते आदी मी बघनार."

तिने भाकरीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला, तोंडात घातला. सगळ्या बायका तिच्या जबड्याकडे बघत होत्या. पाच वर्षांची शपथ सावकाश चावून गिळली गेली.

"तूप हात आखडून घातलंय," ती म्हणाली.

द्वारकाबाई पहिली हसली, मग सगळ्याच. बाहेर जयवंताला काय झालं ते कळलं नाही, पण हसणं ऐकून त्याने ढोल उचलला. कोपऱ्यात बाजेवर नकोशी भिंतीला टेकून बसली होती. गोजरबाई तिला इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होती. सावळी, बारीक चेहऱ्याची, डोळ्यांखाली काळं. मांडीवर मुटकुळं.

"ढोल कशाचा हाय, आत्या?" तिने हळूच विचारलं.

"तुजा हाय. खा आता."

नकोशीने घास घेतला. दोन घास ती नीट जेवली, तिसऱ्याला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण खायची थांबली नाही. तीन भाकरी तिने खाल्ल्या. खिरीची वाटी बोटाने पुसून घेतली.

पाळी लागली. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई, तिसऱ्या दिवशी तिच्या पलीकडची. कुणाची भाकरी जाड, कुणाच्या भाजीत लसूण फार, आणि अंथरुणात पडल्या पडल्या प्रयागबाई प्रत्येकीची परीक्षा घेई. एकीने कोंबडीचं कढण नेलं तर म्हणाली, कोंबडी नुसती पाण्यातनं चालत गेलीया. त्या बाईने त्याच संध्याकाळी अख्खी कोंबडी नेली. चौथ्या दिवशी साखरबाई पाटावर आली तीच सांगत, "उतरलं गं. पोरीच्या हनवटीवरनं वघळ गेला." धुणं तसंच टाकून दोघी-तिघी बघायला पळाल्या. कुंडलिकाला चुलीपासून सोडवलं, तेव्हा तो रानात जाऊन दिवसभर झोपला.

आबासाहेब या सगळ्यात काही बोलले नाहीत. जेवताना ताटाकडे बघायचे. एकदा फक्त म्हणाले, "तूप संपत आलंय." गोजरबाई म्हणाली, "व्हय."

आठव्या दिवशी पाळी फिरून गोजरबाईवर आली. सकाळपासून तिचं अंग मोडून आलं होतं, पण तिने सांगितलं नाही. सारजा माहेरी गेलेली. दुरडी घेऊन ती पाटापर्यंत पोचली आणि तिथे तिला हुडहुडी भरली. तिने कशीबशी दुरडी बांधावर उतरवली आणि शेजारी बसली.

समोरच चारीचं दार होतं, आणि दारापाशी खोरं घेऊन आबासाहेब उभे होते. बुधवार होता.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग पाटावर वर पाहिलं, खाली पाहिलं. कुणी बाई दिसते का, कुणी गडी दिसतो का. कुणीच नव्हतं. दुरडी बांधावर, उन्हात.

"तापाचं कोयनेल घेतलंस का?"

"घरी हाय."

"मग घरी जा."

"आन् ही?"

आबासाहेबांनी खोरं मातीत रोवलं. डोक्याचा पटका सोडला, त्याची चुंबळ वळली. तिने त्यांना चुंबळ वळताना जन्मात पाहिलं नव्हतं. वाकडी वळली. त्यांनी दुरडी उचलून डोक्यावर ठेवली, दोन्ही हातांनी गच्च धरली आणि पुलाकडे निघाले. गोजरबाई उठली. घरी जायला सांगितलेलं तिच्या लक्षात होतं, पण हे बघायचं सोडून घरी कोण जाणार. थरथरत, थांबत थांबत ती मागोमाग चालली.

वस्तीच्या फाट्याला ते क्षणभर थबकले. एक पायवाट मागल्या दाराला जात होती, कुणाला दिसणार नाही अशी. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पुढच्या दाराची वाट धरली.

प्रयागबाई अंगणात नातीला उन्हात घेऊन बसली होती. ताप उतरला होता. थोरल्या भायाला पाहून ती झटकन उठली, पदर पुढे ओढला. भायाशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, तोंडावर बोलायची रीत नव्हती, आणि बोलायचं तर होतं. तिने मांडीवरून उचललेल्या पोरीकडे तोंड केलं.

"बघ गं बाई, कोन आलंय. आज्ज्याला म्हनावं, दुरडी उतरा. सवय न्हाय, मान धरंल."

आबासाहेबांनी दुरडी उतरवली. मान खरंच धरली होती. ते पोरीकडे बघत राहिले. तीही आता डोळे उघडून बघत होती, हनवटीखाली दुधाचा ओला डाग. त्यांनी घसा खाकरला आणि तेही पोरीशीच बोलले.

"तुज्या आज्जीला म्हनावं, चारीचं दार फिरवून आलोय. आजपासनं बुधवारची पाळी तुमची."

दार त्यांनी फिरवलेलं नव्हतं. खोरं मातीत रोवून ते तसेच आले होते, हे गोजरबाईने पाहिलं होतं. पण परत जाताना ते फिरवल्याशिवाय घरी जाणार नाहीत, हेही तिला पस्तीस वर्षांच्या संसारातून ठाऊक होतं.

प्रयागबाईने पदराने पोरीची हनवटी पुसली.

"आज्ज्याला इचार गं," प्रयागबाई म्हणाली, "कसली पाळी? भाकरीची का पान्याची?"

"पान्याची," आबासाहेब म्हणाले. "भाकरीची आमच्याकडंच असू दे."